पडवळाला बांधलेलं वजन

त्रिशूर,
ता. २ जून

ती. अच्चायास,
रोसिलीचा सा. न. वि. वि.

परवा जिन्सीला फोन केला होता. तुला द्यायला सांगितलं तर म्हणाली, अप्पच्चनना फोनवर काही ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र त्यांनी साबणाच्या डबीत ठेवून दिलंय. तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात काढली, अख्ख्या जिल्ह्याला एकमेकांशी जोडून दिलं, आणि सख्ख्या भावाशी बोलायला मात्र मला शाई विकत आणावी लागतेय.

तुझी सून भली, म्हणून आपणहून काही सांगत नाही. मीच खोदून खोदून विचारलं. अन्नम्मा वहिनी जाऊन सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून तू सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पडवीतल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसतोस म्हणे. अरे, वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होतास तेव्हाही इतका वेळ खुर्चीत बसला नव्हतास. वहिनीच्या परसबागेचं दार तू खिळे ठोकून बंद केलंस हेही कळलं. त्यावर मी काही बोलत नाही.

तुमच्या पाला गावात म्हाताऱ्यांसाठी ‘सायंतनम्’ नावाचं दिवसाचं घर निघालंय. सकाळी व्हॅन घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. तिथे बागकाम करवून माणसाला बरं करतात. गोळी नाही, सुई नाही, नुसती माती. तू जायचंस. तुझा लेक बोबन दोह्यात बसून काळजी करतो, जिन्सी घरात बसून करते आणि मी इथे. एका माणसासाठी तिघांनी काळजी करणं मला उधळपट्टी वाटते.

मी स्वतः येऊन तुला व्हॅनमध्ये कोंबलं असतं, पण आमच्या इमारतीच्या जिन्याला रंग देताहेत. ओल्या रंगावरून तीन मजले कोण उतरणार?

माझ्यावर महिनाभर रागावलास तरी चालेल, लोभ मात्र त्याहून जास्त दिवस असू दे.

तुझी धाकटी,
रोसिली

पाला,
ता. १२ जून

चि. रोसिली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी भिंतीकडे तोंड करून बसत नाही. खुर्ची तशी ठेवलेली आहे. खुर्ची ज्या तोंडाने ठेवली असेल त्या तोंडानेच माणूस बसणार, यात माझा काही दोष नाही.

सोमवारी जिन्सीने व्हॅनवाल्याशी संगनमत केलं आणि दोघांनी मला त्या खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. सायंतनम्मध्ये उतरलो तेव्हा तिथल्या लोकांना वाटलं, मला चालता येत नाही. त्यामुळे पहिला तासभर दोन बायका मला हाताला धरून फिरवत होत्या.

तिथे डोना नावाची एक पोरगी आहे. बागकामातून उपचार करण्याची परीक्षा पास झालेली आहे. अशी परीक्षा असते हे मला ठाऊक नव्हतं. तिने आम्हा अकरा जणांना एका घमेल्याभोवती बसवलं आणि सांगितलं, डोळे मिटा, मातीत हात घाला आणि काय वाटतं ते सांगा. एका बाईंना आईची आठवण झाली आणि त्या रडल्या. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, ओली आहे. तिने माझ्या कानाशी येऊन फार प्रेमाने विचारलं, आणखी काय वाटतं अप्पच्चन? मी म्हटलं, आत एक खडा आहे, साधारण तीस ग्रॅमचा. तिने वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. निघताना एका कागदावर हसरा, रडका नाहीतर सरळ यांपैकी एका चेहऱ्यावर खूण करायची असते. हे चेहरे कोणी प्रमाणित केले असं मी विचारलं, तर तिला सांगता आलं नाही. मी खूण केली नाही.

तिथे परमेश्वरन पिल्लै म्हणून एक गृहस्थ आहेत. शाळेत कवायतीचे मास्तर होते. अजून गळ्यात शिट्टी घालून हिंडतात. रोपं रांगेत नसली की शिट्टी मारतात. गेल्या दोन वर्षांत माझ्या कानांना स्पष्ट ऐकू आलेला पहिला आवाज त्या शिट्टीचा, आणि तो मला मुळीच आवडला नाही.

मी उद्यापासून जाणार नाही. फक्त एवढं कळव, पडवळाचं बी पेरण्याआधी बारा तास भिजवायचं की दोन तास? पिल्लै दोन म्हणतो. मला बागकाम करायचं नाही, त्याला खोटं पाडायचं आहे.

तुझा जिना वाळला की ये. घरात सगळे ठीक, तू तब्येतीला जप.

तुझा,
कुरुविळा अच्चायन

पाला,
ता. ९ जुलै

ती. अम्मायींस,
जिन्सीचा सा. न. वि. वि.

मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर बोलले की अप्पच्चनना ऐकू काही येत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून कोणाबद्दल बोलणं चाललंय ते त्यांना बरोबर कळतं.

ते रोज जातात. रोज सकाळी जाणार नाही म्हणतात आणि व्हॅन यायच्या आधी वीस मिनिटं फाटकात उभे असतात. मी काही विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे करायला उभा आहे. तुम्ही बारा तासांचं कळवलंत त्या दिवशी ते पत्र घडी करून खिशात घालून घेऊन गेले. पिल्लै सारांना दाखवायला पुरावा म्हणून.

आता माझी तक्रार ऐका. घरातल्या वस्तू नाहीशा होताहेत. आधी माझ्या दोन ओढण्या गेल्या, त्या सायंतनम्च्या मांडवावर वेलांना बांधलेल्या सापडल्या. मग मासे धुतलेलं पाणी. मी सांडू लागले की मागून बादली पुढे येते. ते पाणी बाटल्यांत भरून व्हॅनमधून नेतात. व्हॅनवाला बिचारा खिडकीबाहेर डोकं काढून गाडी चालवतो. गेल्या आठवड्यात माझं वजन करायचं यंत्र गेलं. विचारलं तर म्हणाले, नाहीतरी ते खोटं दाखवतं, तू स्वतःच रोज म्हणतेस.

जेवताना पूर्वी एक शब्द बोलत नसत. परवा त्यांनी अर्धा तास मला सांगितलं की पिल्लै सार किती मूर्ख आहेत. दुसऱ्यांदा भात वाढून घेतला आणि पुन्हा सांगितलं. अम्मायी, मी मान खाली घालून ऐकत होते, कारण वर बघितलं असतं तर मला रडू आलं असतं.

परसाकडचं दार मात्र तसंच आहे. आतलं गवत आता खिडकीपर्यंत आलंय. मी तो विषय काढत नाही.

तुम्ही या ना एकदा. दाताच्या कामामुळे येता येत नाही असं कळवलं होतंत, ते काम संपलं का? बोबनना सांगून गाडी पाठवू का? आमच्यावर माया आहेच, तिचं तोंड दाखवायला तेवढं यावं.

तुमची,
जिन्सी

पाला,
ता. ५ ऑगस्ट

चि. रोसिली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वेळ थोडा आहे, व्हॅन येईल. ओणमच्या आधी, तीस तारखेला, कृषी भवनात भाज्यांचं प्रदर्शन आहे. सर्वांत लांब पडवळाला ढाल मिळते. माझं पडवळ आज सकाळी एक मीटर बारा सेंटिमीटर. पिल्लैचं एक मीटर नऊ. पिल्लै स्वतःचं टेलरची टेप लावून मोजतो. धुऊन धुऊन सैल झालेल्या टेपने मोजलेल्या मापाला कायद्यात किंमत नाही हे मी त्याला लेखी कळवलं आहे.

पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला वजन बांधतात हे तुला माहीत आहेच. पिल्लैने दगड बांधला. मी आक्षेप घेतला. दगडावर सरकारी शिक्का नसतो. तो किती ग्रॅमचा आहे हे कोणाला माहीत? मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसने पितळी वजनांची पेटी दिली होती ती काढली. आधी पन्नास ग्रॅम बांधलं, आता शंभरचं आहे. साऱ्या केरळात शिक्का मारलेलं वजन बांधून वाढणारं हे एकच पडवळ असावं.

डोना म्हणते, वेलीशी रोज बोलत जा. मला संकोच वाटतो. अन्नम्मा बोलायची. बोलायची कसली, फैलावर घ्यायची. भेंडीला आळशी म्हणायची, मिरचीला सांगायची की तुझ्यापेक्षा शेजारणीची बरी. मला तसं जमत नाही. दोन दिवस मी वेलीला वजनमापं कायद्याची कलमं म्हणून दाखवली. तिसऱ्या दिवशी कलमं संपली, म्हणून घरातलं काही काही सांगितलं. कान बहिरे असल्यामुळे मी किती मोठ्याने बोलत होतो ते मला कळलं नाही. मागे वळून बघतो तर दहाही जण काम थांबवून उभे. पिल्लैने तेवढ्यात शिट्टी मारून सगळ्यांना कामाला लावलं. त्यानंतर तो त्याविषयी एक अक्षर बोलला नाही. हे मी त्याच्या बाजूने नमूद करून ठेवतो.

प्रदर्शनाला तू यायलाच हवं. साक्षीदार लागेल.

तब्येतीचं कळवीत जा आणि आहे तो जिव्हाळा तसाच असू दे.

तुझा,
कुरुविळा अच्चायन

त्रिशूर,
ता. ११ ऑगस्ट

ती. अच्चायास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारची शोभना भिंतीवर थापा मारून विचारू लागली, काय झालं. साठ वर्षांपूर्वी शाळेच्या वाटेवर माझ्या पेन्सिलीसुद्धा तू मोजून द्यायचास. आता पडवळाची पाळी आली. त्याला मी सहानुभूती कळवते म्हणून सांग.

पिल्लैंवर फार तुटून पडू नकोस. ज्याच्याशी रोज भांडता येतं असा माणूस या वयात जाहिरात देऊनही मिळत नाही. मला इथे भांडायला फक्त दूधवाला आहे, आणि तोही पिशवी दाराला अडकवून पळतो.

वहिनी भाज्यांना ओरडायची ते मला चांगलं आठवतं. एकदा मी तिथे असताना तिने दुधीला इतकं झापलं की मीच घाबरून नीट बसले. तू ओरडू नकोस. तू आपला सांग त्याला घरातलं.

तीस तारखेला येणं जमेलसं दिसत नाही. जिन्याखाली मांजर व्यालीय, ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर धावते. पिल्लं मोठी झाली की बघू.

ढाल मिळाली तर फोटो पाठव, नाही मिळाली तर पिल्लैंचा पाठव. दूर असले तरी तुझीच आहे, विसर नसावा.

रोसिली

पाला,
ता. २५ ऑगस्ट

ती. अम्मायींस,
जिन्सीचा सा. न. वि. वि.

कसं लिहू ते कळत नाही. हसावं तर पाप वाटतं, आणि न हसता लिहिता येत नाही.

शुक्रवारी सायंतनम्मध्ये जेवायला नारळ घातलेली पडवळाची सुकी भाजी होती. अप्पच्चननी ती दोनदा मागून घेतली. स्वयंपाक करणाऱ्या मेरीकुट्टीला हाक मारून सांगितलं की अन्नम्मा गेल्यापासून इतकी गोड भाजी खाल्ली नव्हती, आणि हे पडवळ कुठल्या बाजारातून आणलंस ते कागदावर लिहून दे. मेरीकुट्टी आनंदाने म्हणाली, बाजारातलं कशाला, तुमच्याच मांडवावरचं, आणि त्याला एक पितळेचं काहीतरी लोंबत होतं त्याने मी लसूण ठेचला, फार सोयीचं आहे.

चूक अशी झाली. मांडवाच्या पाच ओळी आहेत. अप्पच्चन फाटकाकडून मोजतात, पिल्लै सार विहिरीकडून. पिल्लै सारांनी गुरुवारी फळ्यावर लिहिलं की उद्या स्वयंपाकाला ओळ दुसरी. म्हणजे त्यांच्या हिशेबाने चौथी, नाही, अप्पच्चनच्या हिशेबाने चौथी. मी तीनदा चित्र काढून बघितलं. थोडक्यात, मेरीकुट्टीने फाटकाकडून दुसरी मोजली आणि अप्पच्चनच्या ओळीवर सुरी फिरली. आदल्या दिवशी ते एक मीटर बासष्ट भरलं होतं.

डोना सांगत होती, अप्पच्चन उठले. ताट पुसून ठेवलं, वजन धुऊन रुमालात बांधलं आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. व्हॅन निघायला चार तास होते.

शनिवारपासून गेले नाहीत. आज तिसरा दिवस. खुर्ची मी जूनमध्येच अंगणाकडे फिरवून ठेवली होती, ती त्यांनी पुन्हा भिंतीकडे वळवली. व्हॅनवाला हॉर्न वाजवून वाजवून जातो. मी जेवायला वाढते, ते दोन घास खातात. मला आता भीती वाटते. मार्चमध्ये होते तसे झाले तर पुन्हा कोण उठवणार?

अम्मायी, तुम्ही पत्र लिहा किंवा या. यायचंच बघा. मांजराला मी बिस्किटं पाठवते.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
जिन्सी

पाला,
ता. २ सप्टेंबर

चि. रोसिली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जिन्सीने तुला सगळं कळवलं हे मला तिच्या तोंडावरून समजलं, तेव्हा पुढचं मी लिहितो.

सव्वीस तारखेला सकाळी फाटकात शिट्टी वाजली. पिल्लै उभा होता. खांद्यावर ओल्या पंच्यात गुंडाळलेलं लांब काहीतरी होतं. आधी मला वाटलं बंदूक आहे, आणि खरं सांगायचं तर मला थोडं बरं वाटलं. ते त्याचं पडवळ होतं. प्रदर्शनाला चार दिवस असताना त्याने ते कापलं आणि उभ्याने बसमधून आणलं. माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, फळ्यावर मी लिहिलं, चूक माझी, तुझ्याशिवाय ढाल जिंकली तर ती मी ठेवू कुठे? त्याने जिन्सीला सांगितलं की याची भाजी कर, आम्ही दोघं खाऊ, म्हणजे बरोबरी होईल. मी म्हटलं, बरोबरी कशी? माझं बासष्ट होतं, तुझं अठ्ठावन्न. तो म्हणाला, बाकीचे चार सेंटिमीटर मी उपाशी राहीन. रोसिली, मी हसलो. किती दिवसांनी ते मोजलं नाही.

भाजीला कढीलिंब हवा होता. घरात नव्हता. झाड परसात आहे. जिन्सी परसाच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. पिल्लैने दारावरचे खिळे बघितले आणि विचारलं, पकड कुठे आहे? त्याने एका बाजूचे उपटले, मी दुसऱ्या बाजूचे. आत गवत छातीपर्यंत होतं. अन्नम्माची मिरची मेली आहे. कढीलिंब मात्र छपराला लागला आहे, एवढ्या दिवसांत त्याला कोणी ओरडलं नाही तरी. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. पिल्लै पाठ करून गवत उपटत बसला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी विहिरीपर्यंतची वाट मोकळी केली.

तीस तारखेला आम्ही रिकाम्या हातांनी प्रदर्शन बघायला गेलो. ढाल मेरीकुट्टीला मिळाली. स्वयंपाकघरामागे भांडी घासलेल्या पाण्यावर तिने एक वेल वाढवला होता, तो आमच्यापैकी कोणी कधी बघितलाच नव्हता. एक मीटर ऐंशी. परीक्षकांनी टेलरची टेप वापरली म्हणून मी हरकत घेतली आणि माझ्या शिक्क्याच्या पट्टीने पुन्हा मोजलं. एक्क्याऐंशी भरलं. पिल्लैच्या आग्रहाने तिसऱ्यांदा मोजलं, ब्याऐंशी. मग आम्ही मोजणं थांबवलं.

आता तुझ्याविषयी. मी चौतीस वर्षं दुकानदारांची कारणं ऐकली आहेत. तुझी पत्रं पुढे घेऊन बसलो. जूनमध्ये जिन्याचा रंग, जुलैत दात, ऑगस्टमध्ये मांजर. मी जिन्सीला शोभनाला फोन लावायला सांगितलं. तिच्याकडून कळलं की जिन्याला दहा वर्षांत रंग लागलेला नाही आणि जिन्याखाली मांजर मुळी नाहीच. फेब्रुवारीत तू जिन्यावरून पडलीस, गुडघा बरा होऊनही महिने झाले, तरी तेव्हापासून तू एकदाही खाली उतरलेली नाहीस. गच्चीतून टोपली सोडून भाजी वर ओढतेस. मला भिंतीसमोरून उठवायला पत्रावर पत्रं लिहिलीस आणि स्वतः चार भिंतींत बसलीस. मी रागावलेलो नाही. मला आधी समजायला हवं होतं.

ओणम झाला की आठ तारखेला आम्ही येतो. पिल्लै बरोबर आहे. सायंतनम्ची व्हॅन मिळाली आहे. नको असं कळवण्यात शाई घालवू नकोस, तोपर्यंत आम्ही निघालेलो असू.

तुझा,
कुरुविळा अच्चायन

त्रिशूर,
ता. १७ सप्टेंबर

चि. सौ. जिन्सी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सासऱ्याला आणि त्या शिट्टीवाल्या माणसाला माझ्याकडे पाठवताना तुला काही वाटलं नाही का? आठ तारखेला व्हॅनमधून दोन म्हातारे, अकरा पोती माती, दोन पोती शेण आणि एक पितळी वजनांची पेटी उतरली. ते सगळं तीन मजले वर न्यायला सुरुवात झाली. व्हॅनवाल्याने बारा पोती वाहिली, या दोघांनी मिळून एक वाहिलं आणि उरलेल्या वेळात पोती कोणत्या क्रमाने न्यायची यावर भांडले. एक पोतं दुसऱ्या मजल्यावर फाटलं. तेही शेणाचं.

तासाभरात इमारतीचे सेक्रेटरी मेनन आले. माती खाली उतरवा, गच्चीवर कुंडीसुद्धा चालणार नाही, असं बजावू लागले. तुझ्या सासऱ्याला ते काय बोलले ते ऐकू आलं नाही, म्हणून तो हसून मान डोलवत राहिला. पिल्लैंनी उत्तरादाखल शिट्टी मारली. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. मेनन खाली ऑफिसात जाऊन पोलिसांना बोलावतो म्हणाले. कोणीतरी शहाण्या माणसाने खाली जाऊन बोलणं भाग होतं, आणि त्या जिन्यावर शहाणी म्हणण्यासारखी मी एकटीच होते.

जिन्सी, पहिल्या पायरीवर मी दोन्ही हातांनी कठडा धरून ठेवला होता ते मी तुलाच सांगते. फेब्रुवारीत पडले तेव्हा दोन तास कोणी आलं नव्हतं. वरवर गुडघा दुखतो म्हणायचे, पण खरी दुखत होती ती पायरी. अच्चाया माझ्या पुढे, उलटा, तोंड माझ्याकडे करून उतरत होता. मी म्हटलं, तू पडशील. त्याला ऐकू आलं नाही. पिल्लै मागून एकेका पायरीला एकेक शिट्टी मारत होते. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. बाराव्या शिट्टीला सगळी दारं उघडून माणसं बाहेर आली. विसाव्या शिट्टीला मला इतकी लाज वाटली की भीती वाटायला जागाच उरली नाही. तिसाव्याला राग आला. खाली पोचले तेव्हा मेननांच्या कपाळी काय लिहिलं होतं ते त्यांना कळलं असेल. तीस वर्षं सगळ्या जिल्ह्याची भांडणं मी तारेवर ऐकली होती, त्यातली निवडक मी त्यांना ऐकवली.

गच्ची मिळाली. मेननांच्या आईने मिळवून दिली. ती नव्वदीची आहे, ऑफिसाच्या दारात खुर्ची टाकून ऐकत होती. तिने मुलाला सांगितलं की गच्चीवर मला चवळी लावायची आहे आणि तू आता गप्प बस. आता रोज सकाळी आम्ही सहा म्हातारे वर असतो. पिल्लै कवायत घेतात. तुझा सासरा आम्हाला डोळे मिटून मातीत हात घालायला लावतो आणि काय वाटतं ते विचारतो. उत्तर चुकलं तर दुरुस्त करतो.

त्यांना कधी परत न्यायचं ते तू विचारलंस. पिल्लैंना उद्याही ने, त्यांच्या घोरण्याने भिंतीवरची पाल घर सोडून गेली. पण चवळी अजून दोन पानांवर आहे आणि मांडव व्हायचा आहे, तेव्हा गुरुवारच्या आत नको. पुढच्या गुरुवारच्या. तोवर तुझ्या परसात मिरची लावून टाक, आणि तिला थोडं ओरडत जा, तुझ्या सासूचं घर आहे ते.

आज दुपारी दोघं झोपले होते. मी एकटी खाली गेले. कोणाशी भांडण नव्हतं, काही आणायचंही नव्हतं. फाटकात उभी राहिले, रस्ता बघितला, समोर नवीन चपलांचं दुकान निघालंय ते बघितलं, आणि वर आले. शिट्टीशिवाय.

सर्वांवर माझी माया आहे, ती खाली-वर करतानाही कमी होत नाही.

तुझी,
रोसिली अम्मायी